मुलीकडचा पाहुणा

खरं सांगायचं तर भांडण मीच काढलं होतं.

मेहकरच्या स्टँडवर लोणारची एस.टी. लागली आणि माणसं दारावर अशी तुटून पडली, जसं काही लोणार आज संध्याकाळी उठून दुसऱ्या गावी जाणार होतं. मार्गशीर्ष लागला होता. सकाळचं वारं झोंबत होतं, नाकाचा शेंडा गार पडलेला. मनकर्णा आत्याचं बोचकं काखेत, आत्याचा हात माझ्या हातात, अशी मी कशीबशी आत शिरले. मधल्या बाकावर दोन जागा मोकळ्या दिसल्या. मोकळ्या म्हणजे... त्यावर एक पांढरी दस्ती पडली होती. हातरुमालाला आमच्याकडं दस्ती म्हणतात, आणि खिडकीतून दस्ती टाकली की ती जागा आपली झाली, हा सगळ्या बुलढाणा जिल्ह्याचा कायदा आहे. मला कायदा ठाऊक होता, पण आत्याचे गुडघे त्याहून जास्त ठाऊक होते. मी दस्ती उचलून पुढच्या बाकावर टाकली, आत्याला खिडकीशी बसवलं आणि तिच्या शेजारी ऐसपैस बसले.

“ओ बाई! दस्ती दिसली नाई काय?”

खिडकीबाहेर एक चेहरा होता. केस वाऱ्यानं विस्कटलेले, डोळ्यांत राग, पण ओठांना राग जमत नव्हता.

“दिसली ना. पुढं ठेवली हाय.”

“जागा धरली होती मी.”

“दस्तीले कायले जागा पायजे? थे काय म्हातारी हाय?”

“मंग म्हातारी कोण हाय? तुमी?”

आत्या फसकन हसली. मला आणखीच राग आला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच्या मागून आमच्या महादेवभाऊचा आवाज आला, “अरे वा! वळख झाली वाटते तुमची?”

भाऊ येत होता आणि त्याच्या मागं पदर सावरत, मान खाली घालून आशा. भाऊची होणारी बायको. खिडकीतल्या चेहऱ्यानं एकदा भाऊकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि त्याचा रंगच उडाला.

“हे... मुलाकडचे?” त्यानं आशाला विचारलं.

“करवली हाय थे,” आशा पुटपुटली. “काय केलं रे भगवानदादा तू?”

त्यानं खिडकीबाहेरच दोन्ही हात जोडले. “चुकलो बाई. माफी असावी. मी मुलीकडचा.”

हे ‘मुलीकडचा’ काय प्रकरण आहे, ते आजच्या पोरींना सांगून कळायचं नाही. त्या काळी मुलाकडचं कुत्रंसुद्धा पाहुणा असायचं. मुलाकडच्यांनी रुसायचं आणि मुलीकडच्यांनी समजूत घालायची. करवली, म्हणजे नवरदेवाची बहीण, ती तर विचारूच नका. तिला चहा गार मिळाला म्हणून वरात अडल्याच्या गोष्टी गावोगावी आहेत. तर अशी मी, विमल, पिंपळगाव राजाच्या उकंडरावांची लेक, मॅट्रिक पास, वय एकोणीस, आणि हातात करवलीपणाची नवीकोरी सत्ता.

भाऊ मेहकरला मास्तर होता. त्याची सोयरीक धामणगाव बढ्याच्या किसनरावांच्या आशाशी जमली होती. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाला तेव्हा मी हिवतापानं घरी पडले होते आणि भगवान ग्रामसेवकाच्या ट्रेनिंगला गेला होता. म्हणून आम्ही एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. आशाच्या आईचा नवस होता, लग्न जुळलं की पोरीच्या हातानं लोणारच्या कमळजादेवीची ओटी भरीन. भाऊनं ते ऐकलं आणि ‘मी तं जवळच राह्यतो, मी दाखवतो लोणार’ म्हणून उडी घेतली. लग्नाआधी पोरीसोबत हिंडायचं म्हणजे गावभर बोभाटा! म्हणून तिच्यासोबत तिचा भाऊ आणि ह्याच्यासोबत त्याची बहीण. आणि सगळ्यांवर लक्ष ठेवायला आत्या.

आम्ही दोघं म्हणजे राखणदार होतो. राखणच करायची होती आम्हाला.

लोणारपर्यंत तासभर भगवान उभाच होता. वाटेत दोन जागा रिकाम्या झाल्या, तरी बसेना.

“बसा ना, पाहुणे,” शेवटी मीच म्हटलं.

“कसा बसू? मुलाकडचे म्हणतीन, पोट्टा माजला.”

“मी म्हणून राह्यली ना, बसा म्हणून.”

“हुकूम हाय?”

“हो, हुकूम हाय.”

तो समोरच्या बाकावर तिरपा बसला, माझ्याकडं तोंड करून. मी खिडकीबाहेर तुरीची शेतं पाहायला लागले. तुरीच्या शेतात पाहण्यासारखं काय असतं, देव जाणे. मी लोणार येईपर्यंत पाहत होते.

गावात उतरल्यावर आधी दैत्यसूदनाचं देऊळ. आत मिट्ट काळोख. दारातून उजेडाची एक पट्टी तेवढी आत येत होती आणि दगडी फरशी पायाला बर्फासारखी लागत होती. पुजारीबुवांनी हातात दिवा धरून गोष्ट सांगितली. इथं लवणासुर नावाचा राक्षस जमिनीच्या पोटात लपून बसायचा. कोणाला सापडत नव्हता. मग देवानं देखण्या तरुणाचं रूप घेतलं. लवणासुराच्या दोन बहिणी त्या रूपावर भाळल्या आणि भाऊ कुठं लपतो ते त्यांनी दाखवून दिलं. देवानं अंगठ्यानं झाकण उडवलं आणि राक्षस मारला. ते सरोवराचं पाणी म्हणजे त्याचंच रक्त.

“बहिणीयचं काय झालं मंग?” भगवाननं विचारलं.

पुजारीबुवा गोंधळले. “त्यांचं... ते पोथीत नाही.”

“बघा,” तो माझ्या कानाशी हळूच म्हणाला, “भाऊचं सगळं लिहून हाय. बहिणीयले कोणी इचारलंच नाई.”

“भावाचा जीव गेला ना त्याइच्यापायी,” मी म्हटलं.

“रूपच तसं असंन,” तो म्हणाला आणि दिव्याच्या उजेडात माझ्याकडं पाहून हसला. मी पदर डोक्यावर घेतला. देवळात घ्यायचाच असतो.

आत्याला वेळेवर जेवण लागतं, म्हणून तिथून थेट गोजरबाईच्या खानावळीत. आयुष्यात पहिल्यांदा मी घराबाहेर पैसे देऊन जेवायला बसले होते. शेणानं सारवलेली पडवी, पाट मांडलेले, चुलीवर ज्वारीच्या भाकरी टम्म फुगत होत्या. वांग्याचा रस्सा इतका लाल, की नुसत्या वासानं डोळ्यात पाणी यावं. आम्ही चौघं बसलो. भगवान मात्र गोजरबाईच्या हातातून रश्श्याचं पातेलं घेऊन वाढायलाच लागला.

“तू बी बस ना बे,” भाऊ म्हणाला.

“मुलाकडचे जेवल्याबिगर? माहे बाबा घरात घेतीन का मले?”

“मंग आशा कशी बसली?” मी विचारलं. “थे बी मुलीकडचीच ना?”

“थे आता तुमची झाली. आमच्याकडं मी एकटाच उरलो.” त्यानं माझ्या ताटात ठेचा वाढला. “झेपंन का करवलीबाईले?”

झेपणार नव्हताच. पण मी घास घेतला, चावला, गिळला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना म्हटलं, “गोड हाय.”

तो इतका हसला, की पातेलं हिंदकळलं. मग पटकन ताकाचा गडवा आणून माझ्यासमोर ठेवला आणि माझ्याकडं न पाहता पुढं गेला. मला ते बरं वाटलं. पाहिलं असतं तर मी प्यायलेच नसते.

सगळे उठले. तो एकटा बसला. गोजरबाई चुलीपुढं गुंतल्या होत्या. मी हात धुतले आणि काय झालं माझं मला कळलं नाही, मी मागं फिरले आणि त्याच्या ताटात भाकरी वाढली.

“अवं... तुमी कायले?”

“जेवा गुमान. हुकूम हाय.”

त्यानं मान खाली घातली आणि जेवला. सकाळपासून पहिल्यांदा तो गप्प झाला होता, आणि मला माझ्या हातातल्या बांगड्यांचा आवाज मोठा वाटायला लागला. आत्या दाराशी बसून सुपारी कातरत होती. तिनं आम्हाला पाहिलं. नुसतं पाहिलं.

तिथून धारेवर गेलो. सरोवराच्या काठावर, वरच गोमुखातून पाण्याची धार पडते, बारमाही. आत्याचे गुडघे खाली उतरण्यातले नव्हते. तिनं धारेखाली हात धरले, तोंडावर पाणी मारलं आणि पायरीवर बसली.

“मी येथी आलती एकडाव,” ती म्हणाली. “त्याइच्यासंगं.”

तिचे डोळे ओले होते. धारेचं पाणी की दुसरं काही, ते कळेना. ‘त्याइच्या’ म्हणजे पुंजाजीच्या, तिच्या नवऱ्याच्या. तीस वर्षांत तिनं ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. रागानं काढत नसेल, असं मला वाटायचं. मी तिचा हात दाबला आणि खाली उतरायला लागले.

उतार घसरडा. दोन्ही बाजूंनी झाडी, मध्ये पाऊलवाट, आणि झाडांच्या फटीतून खाली ते पाणी. हिरवं, जड, हलतच नव्हतं. काठावर पांढरा फेस आणि एक उग्र वास. भाऊ आणि आशा पुढं गेले. आधी त्यांच्यात चार हात अंतर होतं, मग दोन, मग आशाचा पाय घसरला आणि भाऊनं तिचा हात धरला, तो काही सोडला नाही. मी खोकले. राखणदार ना मी! दोघांनी ऐकलंच नाही. भाऊला मी जन्मात इतका खूश पाहिला नव्हता. आमचा भाऊ म्हणजे वर्गात छडी आणि घरात मौन. तो तिथं शीळ घालत होता!

खाली कमळजादेवीच्या देवळात आशानं ओटी भरली. शेजारीच एक विहीर आहे, सासूसुनेची म्हणतात तिला. एका बाजूचं पाणी खारट आणि एका बाजूचं गोड. भगवाननं दोन्हीकडचं ओंजळीत आणून मला चाखवलं.

“कोणतं सासूचं?” मी विचारलं.

“खारट. पण माही माय गोड हाय, सांगून ठेवतो.”

“मले कायले सांगता?”

“असंच... माहिती असावी माणसाले.”

चढताना भाऊ-आशा पुन्हा पुढं. भगवान माझ्या मागून चालत होता. मुलीकडच्यानं मागूनच चालायचं असतं म्हणे. अर्ध्या चढावर मला धाप लागली. मी एका दगडावर बसले. तो समोर उभा राहिला, हातातल्या काडीनं माती उकरत.

“एक इचारू?”

“इचारा.”

“तुमचं... कुठं जमलं हाय का?”

“नाई. बाबा पाहून राह्यले स्थळं.”

“मी बी सकाळपासून पाहूनच राह्यलो.”

मी हसले. हसायला नको होतं. मग हसू तोंडावरच राहिलं, कारण मला ठाऊक होतं आणि त्याला ठाऊक नव्हतं.

“आमच्या घरी साटं करत नाईत,” मी म्हटलं.

त्याच्या हातातली काडी थांबली.

साटं म्हणजे अदलाबदलीची सोयरीक. ह्या घरची लेक त्या घरी द्यायची आणि त्या घरची ह्या घरी आणायची. भाऊनं आशाला आणल्यावर मी भगवानच्या घरी जायचं, म्हणजे साटंच की! मग मी त्याला आत्याची गोष्ट सांगितली. बाबा आणि आत्या, दोघं बहीणभाऊ साट्यातच दिले होते. आत्या पुंजाजीला आणि पुंजाजीची बहीण बाबांना. बाबांचं आणि तिचं पटलं नाही. ती दोन वर्षांनी माहेरी निघून गेली. आठ दिवसांत आत्याला बैलगाडीत बसवून आमच्या दारात आणून सोडलं. तिचं आणि पुंजाजीचं काही भांडण नव्हतं. ‘आमची आली, तुमची घ्या,’ एवढाच हिशेब. बाबांनी मग दुसरं लग्न केलं, माझ्या आईशी. पुंजाजीनंही केलं. आत्या राहिली. तेव्हापासून बाबांनी सांगून ठेवलं होतं, ज्या घरची लेक आणली, त्या घरी लेक द्यायची नाही. दुधानं तोंड पोळलं होतं त्यांचं.

“त्याइचं भांडण झालं,” भगवान म्हणाला. “आपलं काऊन होईन?”

“आणि झालं तर? आशाले दारात आणून सोडायचं? तिच्याकडं पाहा.”

वर आशा आणि भाऊ एका झाडाखाली थांबले होते. आशा भाऊच्या टोपीवरची वाळली पानं काढत होती.

त्यानं पाहिलं. मग माझ्यासमोर उकिडवा बसला. हसणं गेलं होतं. त्याचे डोळे इतके सरळ असतील, असं मला सकाळपासून वाटलं नव्हतं.

“विमल,” तो म्हणाला. ताई नाही, बाई नाही. “मी बाबाले सांगतो. ते कचरूमामाले धाडतीन तुमच्याकडं, रीतसर. तुमचे बाबा नाई म्हणतीन तं मी समजून घेईन. पण जर का त्याइनं तुले इचारलं... तं तू हो म्हणशीन का? एवढं सांग. बाकी मी पाह्यतो.”

बोलणाऱ्याची बोरं विकतात, आणि मी एरवी बोरीचं झाडच. पण त्या क्षणी मी फक्त मान हलवली. हलवली की हलली, ते मला आजही सांगता येत नाही. त्याला मात्र ती ‘हो’ वाटली. तो उठला, दोन ढांगांत तो चढ चढून गेला आणि वरून ओरडला, “चाला ना करवलीबाई! मुलीकडचे दमले नाईत, तुमी काऊन दमल्या?”

परतीच्या एस.टी.त तो माझ्यामागच्या बाकावर होता. बाहेर ऊन उतरलं होतं. खिडकीच्या काचेत मला त्याचा चेहरा दिसत होता आणि त्याला माझा. मेहकर येईपर्यंत आम्ही दोघं काचेतच पाहत होतो. इतक्या सुखात मी त्याआधी कधी नव्हते... नंतरही फारशी नाही.

पंधरा दिवसांनी कचरूमामा आले. भाऊची सोयरीक त्यांनीच जमवली होती. बाबांसोबत ओसरीवर तासभर बसले. मी आतून कान लावून होते. किसनरावांना दोन्ही लेकरांची लग्नं एकाच मांडवात उरकायची होती, फाल्गुनात. आणि पोरगा म्हणतो, तुमची विमल पसंत आहे.

मला वाटलं, बाबा आता उठतील आणि कचरूमामांना टोपी हातात देतील. बाबा उठले, पण माजघरात आले. आई चुलीशी होती. आत्या सुपात तुरीची डाळ पाखडत होती. बाबा माझ्यासमोर खाली बसले. बाप असा कधी पोरीसमोर खाली बसत नाही.

“विमल,” ते म्हणाले, “माहं म्हणणं तुले ठाऊक हाय. पण मांग मी कोणाले इचारलं नव्हतं. ना बायकोले, ना बहिणीले. त्याचं ओझं घेऊन बसलो हाय मी. म्हणून आता इचारतो. पोरगा चांगला हाय. तू हो म्हण, मी माही आण मोडतो. तू नाई म्हण, मी कचरूले वाटेले लावतो.”

एवढं सोपं झालं होतं. एक शब्द.

मी आत्याकडं पाहिलं. तिचं सूप थांबलं होतं. हात तसाच थबकलेला, डोळे सुपात. वाटलं, हिच्या छातीवर पुन्हा तीच बैलगाडी येऊन उभी राहिली. हिच्या डोळ्यांदेखत मी साट्यात जाऊ? उद्या माझं बिनसलं, तर आशानं हिच्यासारखं आयुष्यभर दुसऱ्याच्या सुपात डाळ पाखडायची? आणि भाऊ? शीळ घालणारा तो भाऊ?

“नाई,” मी म्हटलं.

“घाबरून नको सांगू. इचार कर.”

“केला. नाई.”

आत्यानं सूप खाली ठेवलं आणि परसात निघून गेली. मला वाटलं, सुटकेचा श्वास घ्यायला गेली. मलाच माझं कौतुक वाटलं हो तेव्हा! दोन दिवस मी स्वतःला मोठी त्यागी समजत हिंडत होते. तिसऱ्या दिवसापासून रात्रंदिवस रडू यायला लागलं. पण कचरूमामा तोवर धामणगावला पोचले होते, आणि मुलीच्या जातीनं दिलेलं उत्तर फिरवायचं कसं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. त्याग वगैरे काही नव्हतं ते. भीती होती. भीतीला मी चांगलं लुगडं नेसवलं होतं, इतकंच.

फाल्गुनात धामणगावला मांडव पडला. एकच मांडव, दोन लग्नं. किसनरावांनी ठरलेली तारीख सोडली नाही. त्यांनी भगवानला रोहिणखेडची मुलगी केली. गोरीपान, शांत. तिचा काय दोष? मी करवली म्हणून भाऊच्या मागं उभी होते, आणि चार हातांवर भगवान मुंडावळ्या बांधून दुसऱ्या पाटावर. अक्षता दोन्हीकडं टाकायच्या होत्या. मी टाकल्या.

जेवणाच्या पंगतीआधी तो एकदाच समोर आला. हळद लागलेले हात, डोळे खाली.

“मान हलली होती तुमची,” तो म्हणाला. “का मले तसं वाटलं?”

“हलली होती.”

“मंग?”

मला सांगता आलं असतं. आत्याचं सूप थांबलं होतं, म्हणून. ते ऐकायला किती वेडगळ वाटलं असतं! मी म्हटलं, “जेवून घ्या पाहुणे, पंगत बसली.” तो गेला.

दुसऱ्या दिवशी वरात पिंपळगावला परतली. आशावहिनीनं उंबरठ्यावरचं माप ओलांडलं, ओसरीवर वाजंत्री वाजत होती, आई ओवाळत होती. मी परसात जाऊन धुण्याच्या दगडावर बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले. आत्या मागून आली.

“काऊन रडून राह्यली वं?”

आणि मला राग आला. इतके दिवस गिळलेला सगळा राग.

“तुमच्यापायी,” मी म्हटलं. “तुमच्यापायी नाई म्हटलं मी. तुमाले पुन्हा तो तरास नको म्हणून.”

आत्या हळूहळू, गुडघ्यांवर हात देत, माझ्यासमोर जमिनीवर बसली.

“माह्यापायी?” ती म्हणाली. “माय वो... तुले कोण सांगतलं, मले साट्यानं तरास देल्ला? अवं, दोन वर्सं सुखाची होती माही. साटं नसतं, तं थे दोन बी कुठं भेटली असती? त्याइनं मले लोणार दाखवलं. खांद्यावर बसवून चढ चढवला मले, सगळ्या लोकायदेखत.” ती हसली, आणि तोंडात दात कमी असले तरी त्या हसण्यात एकोणीस वर्षांची बाई दिसली. “मले गाडीत बसवलं, तवा कोणी इचारलं नाई, मनकर्णे, तुले जायाचं हाय का. इचारलं असतं तं नाई म्हणली असती मी. गाडीखाली निजली असती, पण गेली नसती. अन् तुह्या बापानं तुले समोर बसून इचारलं. माहा हात सुपातच थांबला, विमल. मले वाटलं, आता म्हणते पोट्टी. आता म्हणते. सगळं फिटंन माहं.”

“मंग तुमी बोलल्या काऊन नाई?” मी जवळजवळ ओरडले.

“मले कुठं इचारलं होतं?”

ओसरीवरची वाजंत्री थांबली. कोणीतरी आतून हाक मारत होतं, करवली कुठं गेली, नाव घ्यायला नवरा-नवरी अडून बसली. मी उठले नाही. आत्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं.

“आत्या, तुमी इचारा ना,” मी म्हटलं. “एकडाव इचारा.”

तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला. मग हळूच, कोणी ऐकू नये असं, विचारलं, “भगवान पायजे होता का तुले?”

“हो,” मी म्हटलं.